भाग ३७ : जीपच्या पोटात ट्रॅक्टर

दीपनगरहून मी पुन्हा तुमच्या कानात. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचा डेटा संपला आहे, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना मी जरा भरकटलो होतो, तेवढं इथे कापलंय. सगळं नाही कापलं.

मागच्या महिन्यात वरणगावकडच्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. पोरगा वीस-एकवीसचा असावा. त्याच्या आजोबांची जुनी महिंद्रा जीप शेडमध्ये उभी आहे, इंजिन बसलेलं. त्याला तिच्यात बोलेरोचं ‘डीआय’ इंजिन टाकायचंय, आणि गाडी चार इंच खाली बसवायचीय, म्हणजे रील्समध्ये दिसतात तशी. प्रश्न असा होता : ‘भाऊ, हे आपल्याकडे आधी कोणी केलंय का?’

मी हसलो. तो काही चुकीचं विचारत होता म्हणून नाही, तर उत्तर फारच मोठं होतं म्हणून. आपल्याकडे हे इतक्या लोकांनी केलंय की त्याला नावसुद्धा कोणी दिलं नाही. अमेरिकेत याला मोठा मान आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या पोरांनी जुन्या फोर्ड गाड्या घेतल्या, बॉडी खाली बसवली, मोठं व्ही-एट इंजिन टाकलं आणि त्याला ‘हॉट रॉड’ म्हटलं. त्याची मासिकं निघाली, शर्यती झाल्या. आपल्याकडे एखाद्या शेतकऱ्याने तेच काम केलं तेव्हा तो फक्त एवढंच म्हणाला, ‘इंजिन बदललं.’ त्याला वेग नको होता. त्याला पेट्रोलचा खर्च नको होता. हा फरक लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

आणि गंमत म्हणजे हे काम सुरू करणारा पहिला मेकॅनिक एखाद्या गावातला नव्हता. कंपनी स्वतःच होती.

थोडं मागे जाऊ. २ ऑक्टोबर १९४५ ला ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ नावाची कंपनी सुरू झाली, पोलादाच्या व्यापारासाठी. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे दोघे महिंद्रा भाऊ, आणि भागीदार गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदलून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. एम अँड एम ही अक्षरं तशीच राहिली, नवी पाटी रंगवायचा खर्च वाचला असणार. (हे माझं, इतिहासाचं नाही.) त्याच सुमारास अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग जहाजाने यायला लागले आणि माझगावला त्यांची जोडणी सुरू झाली.

त्या जीपचं इंजिन पेट्रोलचं. युद्धातल्या जीपचं इंजिन होतं ‘गो-डेव्हिल’, साधारण ६० अश्वशक्तीचं. मग विलीजने त्याचं डोकं बदललं. इनटेक व्हॉल्व्ह वर नेले, एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्येच ठेवले, आणि त्याला ‘हरिकेन’ नाव दिलं. क्षमता तीच, २१९९ सीसी. ताकद ७० च्या वर गेली. पण एक भानगड झाली. डोकं उंच झालं, आणि जुन्या जीपच्या बॉनेटखाली इंजिन मावेना.

विलीजने काय करावं? बॉनेटच उंच केलं. १९५३ ची सीजे-थ्रीबी बघा. समोरून ती जरा कपाळ वर आल्यासारखी दिसते, डोळे खाली आणि वर नुसतं पत्र्याचं मैदान. जगातले जीपवाले तिला कुरूप म्हणायचे. आपल्याकडे महिंद्राने हीच जीप वर्षानुवर्षं बनवली. त्यामुळे आपल्या आजोबांच्या पिढीला जीप म्हटलं की तोच चेहरा आठवतो. म्हणजे ज्या गाडीला आपण ‘ओरिजिनल’ म्हणतो, तिचा चेहराच एका न मावणाऱ्या इंजिनमुळे तसा झालाय.

मग आलं १९७३. ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं, अरब देशांनी तेल रोखलं, आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. पेट्रोलवर चालणारी जीप ही एकदम चैनीची वस्तू झाली. जीप कोण वापरायचं? सरकारी खाती, पोलिस, फौज, आणि खेड्यातला बऱ्यापैकी जमीन असलेला माणूस. सरकारला परवडलं. बाकीच्यांना नाही. डिझेल मात्र सरकार स्वस्त ठेवत होतं, कारण त्यावर ट्रक, एसटी आणि शेतीचे पंप चालायचे. पेट्रोल आणि डिझेलच्या भावातली ही दरी पुढे चाळीस वर्षं राहिली. पेट्रोलचा भाव सरकारने मोकळा सोडला जून २०१० मध्ये, डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या काळातली भारतातली जवळजवळ प्रत्येक इंजिन-बदली या दरीतून जन्मली, असं माझं मत आहे.

महिंद्राकडे तेव्हा जीपसाठी डिझेल इंजिन नव्हतं. पण घरात एक होतं. ट्रॅक्टरचं.

१९६३ मध्ये महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली होती, कारखाना कांदिवलीला. तिथे बनायचा बी-२७५. मूळ डिझाइन इंग्लंडमधलं. खानदेशात ज्यांच्या घरी जुनी शेती आहे त्यांनी ‘इंटरनॅशनल’ हे नाव ऐकलंच असेल. कंपनी १९७७ मध्ये महिंद्रात विलीन झाली, पण ‘२७५’ हा आकडा अजून ट्रॅक्टरच्या कपाळावर दिसतो. सत्तरच्या दशकात महिंद्राने या ट्रॅक्टरच्या इंजिनावरून एमडी-२३५० नावाचं इंजिन काढलं आणि ते जीपमध्ये बसवलं. त्याचाच पुढचा मोठा भाऊ म्हणजे २५२३ सीसीचं एमडीआय. गॅरेजमध्ये ज्याला नुसतं ‘डीआय’ म्हणतात ते.

आता तुम्ही म्हणाल, हे कशावरून? इथे मला एक गोष्ट फार आवडते, त्यामुळे जरा थांबतो. मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा.

एमडीआय इंजिनच्या सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर आहे ८८.९ मिलिमीटर, आणि पिस्टनचा प्रवास म्हणजे स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर. किती विचित्र आकडे आहेत ना? ज्या देशात सगळं मेट्रिक, त्या देशातला इंजिनियर नव्वद घेईल, शंभर घेईल. ८८.९ का घेईल? आता दोन्हींना २५.४ ने भागा. येतं ३.५ आणि ४. बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच. एक दशांशसुद्धा इकडेतिकडे नाही. हे इंजिन इंचात विचार करणाऱ्या माणसाने कागदावर काढलंय. इंटरनॅशनलच्या ब्रिटिश ट्रॅक्टर इंजिनाचं नाव होतं बीडी-१५४, म्हणजे १५४ घन इंच. साडेतीन इंच बोअर, चार इंच स्ट्रोक, चार सिलिंडर, करा हिशोब. १५४ घन इंच येतात, म्हणजे २५२३ सीसी. आणि बी-२७५ चं बीडी-१४४ घ्या, त्याचा बोअर ३.३७५ इंच. त्याचं उत्तर येतं साधारण २३५० सीसी. म्हणून एमडी-२३५०.

इतिहास म्हणजे ताम्रपट आणि बखरीच असतात असं थोडंच आहे? कधीकधी तो बोअरमध्ये असतो, आणि पुसताही येत नाही.

हेच २५२३ सीसीचं इंजिन पुढे बोलेरोत आलं. त्याला टर्बो लागला, कॉमन रेल लागली, नाव बदलत गेलं. पण बोअर-स्ट्रोक तेच, साडेतीन आणि चार. ताकद शेवटी शेवटी ६३ अश्वशक्ती. आपल्याकडे लग्नाच्या वऱ्हाडापासून केळीच्या बागेपर्यंत बोलेरो जे काही ओढत होती, ते इंग्लंडमधल्या नांगरणीच्या जोरावर ओढत होती.

पण ट्रॅक्टरच्या इंजिनाची जीपमध्ये एक अडचण होते, आणि ती अडचण आमच्या व्हॉइस नोटवाल्या भावालाही लागू आहे. ट्रॅक्टरचं इंजिन हळू फिरतं. हरिकेन पेट्रोल इंजिन पूर्ण ताकद देतं ४००० फेऱ्यांना. डीआय देतं ३२०० ला. सीजे-थ्रीबीच्या मागच्या गोळ्याचं, म्हणजे डिफरन्शियलचं, गुणोत्तर आहे ५.३८. म्हणजे टॉप गियरमध्ये इंजिन ५.३८ वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं. सोळा इंची रिमवरच्या जुन्या जीपच्या टायरचा एक फेरा साधारण २.२ मीटरचा. हिशोब केला तर पेट्रोल जीप ४००० फेऱ्यांना ताशी ९८ किलोमीटर जाते. त्याच गाडीत डीआय टाकलं आणि गोळा तोच ठेवला, तर ३२०० फेऱ्यांना ती ७८ वर थांबते. इंजिन मोठं झालं, गाडी हळू झाली! युद्धकाळातल्या जीपचा ४.८८ चा क्राउन-पिनियन बसवला तर आकडा ८६ च्या आसपास जातो. म्हणून जाणते मेकॅनिक इंजिनाआधी गोळा विचारायचे. आजचे यूट्यूबवाले फारसे विचारत नाहीत.

महिंद्रालाही हे कळत होतंच. १९७९ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या पूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. नावातच सगळं आहे : चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर. हा मात्र मेट्रिक माणूस. स्ट्रोक ८३, क्षमता २११२ सीसी. हे मोटारगाडीचं इंजिन होतं, ४५०० फेऱ्यांपर्यंत जायचं. त्यामुळे जीपचा जुना गोळा त्याला चालला. ही इंजिनं बनवायला इगतपुरीला कारखाना उभा राहिला. तुम्ही भुसावळहून मुंबईला रेल्वेने जाता तेव्हा कसारा घाटाच्या आधी इगतपुरी लागतं ना, वडापाववाले येतात ते? तिथेच. आपल्याकडे धावलेल्या जीपगाड्यांमधली कितीतरी इंजिनं आपल्याच लाइनवर जन्मली. ‘सीजे ३४० डीपी’, ‘५४० डीपी’ अशी नावं जुन्या आरसी बुकात दिसतील. डी म्हणजे डिझेल, पी म्हणजे पूजो, असं जुने गॅरेजवाले सांगतात.

आता ताकद बघा. हरिकेन पेट्रोल : ७० च्या वर अश्वशक्ती. पूजो डिझेल : ६२. म्हणजे ज्यांनी पेट्रोल काढून पूजो टाकलं त्यांनी इंजिन छोटं केलं आणि ताकद कमी केली, आणि त्यासाठी पैसे मोजले. कॅलिफोर्नियाच्या त्या पोरांना हे सांगितलं असतं तर त्यांनी आपल्याला वेड्यात काढलं असतं. पण ज्याला रोज चोपडा-यावल करायचंय, त्याला वेग विचारून काय करायचंय? त्याला एका लिटरचा हिशोब पाहिजे.

आणि मग गॅरेजमध्ये हे काम सुरू झालं. कंपनीच्या नव्या डिझेल जीपसाठी पैसे नसलेल्यांनी जुन्या पेट्रोल जीपमध्ये वापरलेली डिझेल इंजिनं टाकायला सुरुवात केली. कोणी पूजो, कोणी डीआय, कोणी बजाज टेम्पोच्या ट्रॅक्सचं ओएम ६१६, जे मुळात मर्सिडीजचं. तिसऱ्या पर्यायाला मान जास्त होता. जीपवर मर्सिडीजचा तारा लावणारे महाभागही होते.

हे काम बाहेरून सोपं वाटतं. जुनं काढा, नवं ठेवा, बोल्ट कसा. प्रत्यक्षात इंजिन बसवणं हा कामाचा सगळ्यात सोपा भाग. पहिला प्रश्न येतो बेल हाउसिंगचा. एका कंपनीच्या इंजिनाची भोकं दुसऱ्या कंपनीच्या गियरबॉक्सला जुळत नाहीत. मग मधे एक जाड प्लेट घालायची, लेथवर तयार केलेली. ती प्लेट अगदी थोडी जरी तिरकी गेली ना, तरी इंजिनाचा क्रँक आणि गियरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत राहत नाहीत. गाडी सुरू होते, चालते, मालक पेढे वाटतो. आणि दोन महिन्यांनी क्लच प्लेट जाते, मग बेअरिंग, मग पुन्हा क्लच. ‘हा आवाज कुठून येऊ राहिला?’ हे वाक्य ज्याच्या तोंडी वारंवार येतं, त्याची प्लेट तिरकी आहे समजा.

मग फाउंडेशन. डिझेल इंजिन थरथरतं, पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त, कारण आत हवा जास्त दाबली जाते. हरिकेनमध्ये दाबाचं प्रमाण सातच्या आसपास, पूजोमध्ये वीसच्या वर. ती थरथर जुन्या चेसिसला सहन करायची असते. वेल्डिंग कच्चं असेल तर भेग तिथूनच सुरू होते. मग रेडिएटर, सायलेन्सर, बॅटरी (डिझेलला फिरवायला मोठी लागते), डॅशबोर्डवर हीटरचं बटण. आणि ब्रेक. ब्रेककडे कोणीच बघायचं नाही, त्यावर पुढे बोलतो.

हे कौशल्य आपल्या पट्ट्यात आलं कुठून, याचा मी बराच विचार केलाय. माझा अंदाज सांगतो, अंदाज म्हणूनच घ्या. नकाशा बघा. भुसावळला रेल्वे, तिथे आणि वरणगावला आयुधनिर्माणी, मधे आमचं औष्णिक वीज केंद्र. दहा-पंधरा किलोमीटरच्या आत इतके फिटर, टर्नर, वेल्डर क्वचितच कुठे मिळतील. मायक्रोमीटर धरता येणारा माणूस गल्लीत राहत असेल तर त्या गल्लीतल्या जीपची प्लेट सरळ बसण्याची शक्यता वाढते, एवढंच मी म्हणतो.

आता गाडी खाली बसवण्याकडे येऊ, कारण त्या पोराचा खरा जीव तिथे अडकलाय.

जुन्या जीपला पुढे-मागे पाटे असतात, लीफ स्प्रिंग. गाडी खाली आणायची तर एखादा पाटा काढायचा किंवा पाट्यांचा कमानीसारखा बाक कमी करायचा. दिसायला मस्त दिसतं, मी नाही म्हणत नाही. वजन खाली आल्यामुळे वळणावर गाडी कमी झुकते, हेही खरं. पण जीपला पुढचाही गोळा असतो, फोर-व्हीलसाठी. तो इंजिनाच्या चेंबरच्या जवळच असतो. खड्ड्यात पाटे दबले की गोळा वर येतो. विलीजने मधे जी जागा ठेवली होती ती हरिकेनसाठी मोजून ठेवली होती. तुम्ही इंजिन बदललं, त्याचं चेंबर खोल निघालं, आणि वर गाडी चार इंच खाली आणली. मग एखाद्या स्पीड ब्रेकरवर गोळा चेंबरला भेटणार. ऑइल रस्त्यावर, इंजिन जाम. याशिवाय प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस लवकर जातात, टायर मडगार्डला घासतो. पाटा काढला की वजन पेलायची ताकदही कमी होते, आणि आपण तर त्याच वेळी जड डिझेल इंजिन टाकतोय. दोन्ही हौशी एकमेकींच्या विरोधात आहेत. कॅलिफोर्नियातल्या गाड्या गुळगुळीत सपाट रस्त्यावर खाली बसवल्या होत्या. आपल्याला तोरणमाळचा घाट आहे.

ब्रेकचं गणित तर सोपं आहे. वेग वाढला की थांबवायची ऊर्जा वर्गाने वाढते. ताशी ८० वरून ११० वर गेलात तर वेग वाढला सव्वापटीपेक्षा थोडा जास्त, पण ब्रेकला गिळायची ऊर्जा जवळजवळ दुप्पट. आणि ते ब्रेक आहेत नऊ इंची ड्रमचे, सत्तर वर्षांपूर्वीच्या हिशोबाचे. काळी-पिवळी जीपगाड्यांच्या काळात, दहाच्या जागी वीस माणसं बसायची तेव्हा, आत बसलेल्यांपैकी कोणालाही विचारलं नव्हतं की बाबा, या गाडीचं इंजिन वेगळं आहे आणि ब्रेक जुनाच आहे, चालेल का तुला? बाजाराच्या दिवशी मागच्या फळीवर लटकून जाणारी माणसं होती ती. गॅरेजवाल्यांच्या हुशारीचं कौतुक करताना मला ती माणसंही आठवतात. त्यामुळे माझं कौतुक नेहमी अर्ध्यावर अडकतं.

आणि आता कायदा. इथे झोपू नका, कारण बहुतेकांना वाटतं की हे नेहमीच बेकायदा होतं. नव्हतं.

मोटार वाहन कायदा, १९८८. त्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. मूळ कलम असं होतं की बदल करायचा असेल तर आरटीओला नोटीस द्या आणि मंजुरी घ्या. आरटीओने सात दिवसांत कळवायचं. आणि सात दिवसांत काहीच उत्तर आलं नाही तर? मंजुरी मिळाली असं समजायचं! पुन्हा वाचा हे. सरकारी कार्यालय गप्प बसलं तर तुमचं काम झालं, असा कायदा होता आपल्याकडे. म्हणून त्या काळातल्या कितीतरी जीपच्या आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’ खोडून ‘डिझेल’ लिहिलेलं आणि शिक्का मारलेला सापडतो.

ऑगस्ट २००० मध्ये दुरुस्ती लागू झाली आणि कलमाचा सूरच पालटला. आता निर्मात्याने मुळात जे तपशील दिले आहेत त्यांच्याशी आरसीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. अपवाद ठेवला तो इंधन बदलण्यासाठी इंजिनात फेरफार करण्याचा, म्हणजे सीएनजी, एलपीजी, बॅटरी वगैरे, तेही ठरलेल्या अटींवर. पुढे ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे पक्कं केलं : निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारा बदल चालणार नाही. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

तर वरणगावच्या भावा, तुझं उत्तर. त्याच प्रकारचं, त्याच मेकचं इंजिन खराब झालं म्हणून बदलायचं असेल, तर आधी आरटीओत जा, नव्या इंजिनाची पावती आणि नंबर दाखव, आरसीवर नोंद करून घे. हा रस्ता उघडा आहे. आजोबांच्या जीपमध्ये मुळात कोणतं इंजिन होतं ते आधी आरसीत बघ. पूजो असेल तर पूजोच शोध, अजून मिळतात. डीआय टाकून गाडी खाली बसवलीस आणि रस्त्यावर आणलीस, तर पोलिसांचा दंड ही त्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट असेल. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या माणसाने चेसिसखाली वाकून बघितलं, तर कंपनी हात वर करू शकते. मग समोरच्या जखमी माणसाचे पैसे तुझ्या घरातून जातील, कदाचित त्याच शेतातून जिथे ती जीप उभी आहे.

माझं स्वतःचं मत विचारशील तर, २००० ची दुरुस्ती जरा जास्तच झाली. ब्रेक तपासा, वेल्डिंग तपासा, धूर मोजा, आणि पास झाली तर शिक्का द्या, अशी मधली वाट काढता आली असती. ती नसल्यामुळे काम बंद झालं नाही, कागद बंद झाला. पूर्वी आरसीत नोंद तरी असायची, आता अंधारात होतं. पण सात दिवस गप्प बसलं की मंजूर, हाही काही कायदा नव्हता हो. त्यात गाडीच्या खाली वाकून बघणारं कोणीच नव्हतं.

बाय द वे, दीपनगरमध्ये बसून इंजिन-बदलीवर बोलताना माझी नजर खिडकीतून धुराड्यांकडे जातेच. २१० मेगावॅटचे संच इथे १९७९ आणि १९८२ मध्ये सुरू झाले, मग शेजारी ५०० चे दोन आले, आता ६६० चा. जुन्या फाउंडेशनवर मोठी मशीन कोणी ठेवली नाही. प्रत्येक वेळी नवं फाउंडेशन ओतलं. आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त काकांना जीपचा विषय काढला की ते हेच सांगतात, आणि मग अर्धा तास थांबत नाहीत.

साडेतीन इंच बाय चार इंचाचं ते इंजिन कुठवर आलं ते सांगतो आणि संपवतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स लागू झालं आणि बोलेरोतलं २५२३ सीसीचं पर्व संपलं. तिच्यात आता दीड लिटरचं इंजिन आहे, १४९३ सीसी. म्हणजे जवळपास एक लिटरने छोटं. ताकद मात्र ६३ वरून ७५ वर गेली आणि टॉर्कही वाढला. ‘मोठं इंजिन’ म्हणजे काय, हे वाक्य आता सीसीत मोजून उपयोग नाही.

पुढच्या भागासाठी एक काम आहे तुमच्याकडे. घरात जुन्या जीपचं आरसी बुक असेल, ज्यात इंजिन बदलल्याची नोंद आणि शिक्का आहे, तर त्या पानाचा फोटो पाठवा. गाडीचा नंबर, मालकाचं नाव आणि पत्ता झाकून. मला फक्त तीन गोष्टी हव्यात : कोणतं इंजिन निघालं, कोणतं बसलं, आणि शिक्क्यावरची तारीख. ती पुस्तकं रद्दीत चालली आहेत, आणि ही नोंद दुसरीकडे कुठेही एकत्र केलेली नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतून आली तर तारखा शेजारी शेजारी लावून बघू, १९८८ ते २००० मध्ये किती शिक्के पडले ते.